खालांचे पासबुक

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही अमरावतीहून अकोल्याला खालांकडे गेलो होतो. या रस्त्याचे कौतुक वऱ्हाडातल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. जून 2022 मध्ये लोणी ते माना असा 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. आमची एसटी त्याच रस्त्यावरून पळत होती आणि मांडीवरच्या पिशवीत खालांच्या कागदपत्रांची फाईल होती. त्या फाईलला आता साडेचार वर्षे झाली. रस्ता साडेचार दिवसांत होतो. बुडालेल्या पतसंस्थेतून स्वतःचेच पैसे परत मिळवायला किती दिवस लागले, याची नोंद मात्र कोणत्याच बुकात होत नाही.

खाला म्हणजे आमच्या अम्मींची धाकटी बहीण. वय सत्तरच्या पुढे. खालू जिनिंग फॅक्टरीत होते, त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. खालांनी शिवणकामावर दोन मुली उजवल्या. शाळेचे गणवेश, परकर, ईदच्या महिन्यात रात्र-रात्र सलवार-कुर्ते. दारावर रोज पिग्मीवाला यायचा. त्याच्या हातात कधी पन्नास, कधी शंभर. वर्ष संपले की जमलेली रक्कम मुदत ठेवीत टाकायच्या. व्याजाचा आकडा त्या वहीत वेगळा लिहून ठेवायच्या आणि तेवढे पैसे सवाबची नियत न ठेवता एखाद्या गरजूला देऊन टाकायच्या. स्वतःच्या मुद्दलाला मात्र हात लावायच्या नाहीत, कारण ते हजचे पैसे होते. आमच्यासोबत जायचे ठरले होते.

पतसंस्था बंद पडली तेव्हा त्यांचे दोन लाख ऐंशी हजार रुपये तीत होते.

आणि इथे एक कबुली द्यायला हवी. त्या संस्थेत पैसे ठेवायला खालांना आम्हीच सांगितले होते. संचालक मंडळातले लोक ओळखीचे, ऑफिस घराजवळ, मोठ्या बँकेत वयस्कर बाईला कोण विचारतो, असे आमचे म्हणणे. संस्थेचा ताळेबंद आम्ही एकदाही पाहिला नव्हता. वार्षिक सभेचे पत्र आले की खाला आम्हाला दाखवायच्या आणि आम्ही म्हणायचो, “ठेवून द्या, काही नाही त्यात.”

आम्ही पोहोचलो तेव्हा खाला जोहरची नमाज आटोपून बसल्या होत्या. महापालिकेच्या निवडणुकीची हवा तापायला लागली होती. अजून तिकिटे जाहीर व्हायची होती, पण इच्छुकांचे फिरणे सुरू होते. तासाभरात दारात सहा-सात जण उभे राहिले. पुढे हात जोडून जे गृहस्थ होते, ते त्याच पतसंस्थेच्या जुन्या संचालक मंडळातले.

“अम्मा, आशीर्वाद असू द्या,” ते म्हणाले.

खालांचा आवाज चढला नाही. “बसा भाऊ. चहा घेतल्याबिगर जाऊ नोका.” आत गेल्या, चहा झाला, ट्रे बाहेर आला. ट्रेमध्ये कप, एका बशीत बिस्किटे आणि बशीला टेकवून निळ्या कव्हरचे पासबुक. त्यांनी ते पाहिले. त्यांच्या बरोबरच्या पोराने काही न कळून बिस्किट उचलले.

“अम्मा, ते प्रकरण आता अवसायकाकडे आहे. आमच्या हातात काही राहिलं नाही.”

“देतानी तं तुमच्याच हातात देल्ले होते, भाऊ. मंग आता हात कुठी गेले?”

चहा कुणी पुरता प्यायला नाही. ते गेल्यावर खाला आम्हाला म्हणाल्या, “इतकी मोठमोठी बँक बुडते, तिले सरकार पैसे देते. आपल्याले कोन देईन?”

हा प्रश्न आम्ही गेला महिनाभर डोक्यात घेऊन फिरतो आहोत. तो एकट्या खालांचा नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू, कारण ती न कळल्यामुळे आपल्या घराघरांत नुकसान झाले आहे. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँकेवर रिझर्व्ह बँकेची नजर असते आणि बँकेतल्या ठेवीचा विमा असतो: एका बँकेत एका माणसाचे मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंत. स्टेट बँक असो, जिल्हा बँक असो की नागरी सहकारी बँक, विम्याचा नियम तोच. पतसंस्था मात्र सहकार खात्याच्या निबंधकाखाली येते आणि तिच्या ठेवीला हा विमा नाही. मल्टिस्टेट म्हणवणाऱ्या सोसायट्यांनाही नाही. त्या दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाखाली येतात, म्हणजे तक्रारीचे दार आणखी लांब. पाटीवर चकचकीत अक्षरे, आत काउंटर, टोकन, एसी. सामान्य माणसाने फरक ओळखावा तरी कशावरून? जळगावची भाईचंद हिराचंद रायसोनी सोसायटी 2015 मध्ये कोसळली, बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट परवा-परवा, 2024 मध्ये. दोन्ही वेळा ठेवीदारांच्या रांगेत पेन्शनर, विधवा, मुलीच्या लग्नासाठी पैसे ठेवलेले बाप होते. 1999 चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, त्याखाली संचालकांच्या मालमत्ता जप्त होतात. पण जप्ती, मग लिलाव, मग वाटप, आणि प्रत्येक पायरीवर एक स्थगिती.

आता बँकेतल्या ठेवीला हा विमा आला कुठून? या गोष्टीत अकोल्याचे नाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. 1960 साली देशात दोन बँका बंद पडल्या आणि संसदेपर्यंत ओरड गेली. एक केरळातली पलाई सेंट्रल बँक. दुसरी लक्ष्मी बँक, आपल्या अकोल्याची. कापसाच्या पेठेतली बँक, व्यापाऱ्यांच्या आणि नोकरदारांच्या ठेवी. त्या हादऱ्यानंतर 1961 मध्ये ठेव विम्याचा कायदा झाला आणि 1 जानेवारी 1962 पासून विमा महामंडळ सुरू झाले. तेव्हा मर्यादा होती 1,500 रुपये. म्हणजे आज देशभरात कुणाच्याही बँक पासबुकावर जो विम्याचा शिक्का असतो, त्यामागे अकोल्यातल्या ठेवीदारांची बुडालेली कमाई आहे. खालांना आम्ही हे सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “मंग अकोल्यातच असं झालं?”

1993 मध्ये ही मर्यादा एक लाख झाली आणि पुढची 27 वर्षे तिथेच अडकून पडली. महागाई वाढली, मर्यादा हलेना. ती हलली कधी, ते पाहण्यासारखे आहे. 23 सप्टेंबर 2019 रोजी मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची मुभा. 21 ऑक्टोबरला विधानसभेचे मतदान होते. 10 ऑक्टोबरला अर्थमंत्री निर्मला सीतारामन मुंबईत भाजपच्या कार्यालयात पत्रकारांशी बोलायला आल्या, तेव्हा ठेवीदार बाहेर जमले आणि त्यांनी त्यांना गाठले. निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल झाले, आणि फेब्रुवारी 2020 मध्ये विम्याची मर्यादा पाच लाख झाली. पुढच्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत विम्याचे पैसे द्यायचे ठरले. त्याचा फायदा आपल्याकडेही झाला. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला बँकेवर नोव्हेंबर 2021 मध्ये निर्बंध आले आणि वर्षभराने तिचा परवाना गेला. मलकापूर अर्बनचा परवाना जुलै 2023 मध्ये गेला. पाच लाखांच्या आतले ठेवीदार तरले. पतसंस्थावाल्यांसाठी मात्र 1962 अजून उजाडलेच नाही.

आता खालांच्या प्रश्नाचा पहिला भाग: मोठ्या बँकेला सरकार पैसे देते, हे खरे का? खरे आहे, आणि ते आपल्या विदर्भात घडलेले आहे. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा मध्यवर्ती बँकांची हालत अशी झाली की त्यांना रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळेना. 2012 मध्ये नव्या ठेवी घ्यायला मनाई झाली. नोव्हेंबर 2014 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या अशा 23 जिल्हा बँकांना उभे करण्यासाठी 2,375 कोटी 42 लाख रुपयांची योजना मंजूर केली. त्यात केंद्राचे 673 कोटी, नाबार्डचे 237 कोटी आणि बाकी सगळे, 1,464 कोटी, राज्य सरकारांचे. महाराष्ट्रातल्या तीन बँका होत्या, आणि तिन्ही विदर्भातल्या.

ही मदत देऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. बुलढाण्याच्या शेतकऱ्याचे पीककर्ज तिथून, शिक्षकाचा पगार तिथून. बँक बुडवून त्यांना शिक्षा कशाला? राग येतो तो पुढच्या हिशेबाचा. बँक बुडवणारा कोण होता, आणि त्याने काय भरले?

नागपूरच्या बँकेचे उदाहरण कोर्टाच्या निकालात आहे. 2002 मध्ये बँकेचे पैसे सरकारी रोखे घेण्यासाठी म्हणून दलाल कंपन्यांकडे दिले गेले. रोखेही आले नाहीत, पैसेही आले नाहीत. रक्कम सुमारे 150 कोटी. खटल्याचा निकाल लागला 22 डिसेंबर 2023 रोजी, एकवीस वर्षांनी. तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार यांना इतर पाच जणांसह पाच वर्षांची शिक्षा झाली, त्यांची आमदारकी गेली. त्यांनी अपील केले आहे. अपिलाचे काय व्हायचे ते होईल. आमचे बोट वेगळ्या ठिकाणी आहे. खटला चालू असताना 2004, 2009, 2014 आणि 2019 अशा चार वेळा सावनेरच्या मतदारांनी त्यांना निवडून दिले, मध्यंतरी ते मंत्रीही झाले. हे एका पक्षाचे दुखणे नाही. वऱ्हाडात आणि सगळ्या महाराष्ट्रात जिल्हा बँक, खरेदी-विक्री संघ, बाजार समिती आणि विधानसभा या एकाच घरातल्या चार खोल्या आहेत. माणूस एकीतून दुसरीत जातो, चपलाही बदलत नाही. म्हणून बँकेवरचा राग आणि उमेदवारावरचा वैताग हे दोन वेगळे विषय आम्हाला वाटतच नाहीत.

जानेवारी 2016 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवले की रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून बरखास्त झालेल्या संचालकांना दहा वर्षे सहकारी बँकेची निवडणूक लढवता येऊ नये. चांगली गोष्ट. पण नगरसेवक व्हायला, आमदार व्हायला अशी अडचण नाही. ज्याला बँकेच्या खुर्चीवर बसू द्यायचे नाही, त्याला बँकांचे कायदे करणाऱ्या सभागृहात बसता येते.

दूरच्या देशांतही हेच दिसले. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने बुडत्या बँकांसाठी 700 अब्ज डॉलर मंजूर केले. त्या संकटात सरकारी पैशावर वाचलेल्या एआयजी या विमा कंपनीने पुढच्या मार्चमध्ये आपल्या लोकांना साडेसोळा कोटी डॉलरचा बोनस वाटायला काढला, तेव्हा लोक खवळले. आपल्याकडे बोनसची बातमी होत नाही, कर्ज ‘राइट-ऑफ’ होते. ऑगस्ट 2023 मध्ये अर्थ राज्यमंत्री भागवत कराड यांनी संसदेत सांगितले की 2014-15 पासून नऊ वर्षांत बँकांनी 14 लाख 56 हजार कोटींची कर्जे निर्लेखित केली. त्यातली निम्म्याहून जास्त, 7 लाख 40 हजार कोटी, मोठ्या उद्योगांची आणि सेवा क्षेत्रातल्या कंपन्यांची. याच काळात अशा कर्जांतून वसूल झाले सुमारे 2 लाख 4 हजार कोटी. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालू राहते, असे बँकवाले सांगतात, आणि कागदावर ते बरोबर आहे. पण मूर्तिजापूरच्या शेतकऱ्याची सोसायटी थकली की त्याला ‘निर्लेखित’ म्हणत नाहीत. त्याचे नाव फलकावर लागते.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हा फरक पाठ आहे. जुलै 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन 3,750 कोटींचे पॅकेज देऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी. त्यात अमरावती आणि अकोला होते. 2008 ची केंद्राची कर्जमाफी आली तर पूर्ण माफीला दोन हेक्टरची अट. पश्चिम महाराष्ट्रात ओलिताचे दोन हेक्टर म्हणजे बागाईतदार; आमच्याकडे कोरडवाहू सात-आठ एकराचा माणूसही कापसाच्या एका वाया गेलेल्या हंगामात उघडा पडतो, आणि तोच अटीबाहेर राहिला. 2017 मध्ये दीड लाखाची मर्यादा, 2019 मध्ये दोन लाखांची. मार्च 2017 मध्ये स्टेट बँकेच्या अध्यक्षा म्हणाल्या होत्या की कर्जमाफीने परतफेडीची शिस्त बिघडते. शिस्त बिघडते हे आम्हाला मान्य आहे. ती वरून बिघडते की खालून, एवढेच विचारायचे आहे.

नोव्हेंबर 2024 मध्ये महायुतीने विधानसभेच्या प्रचारात कर्जमाफीचे वचन दिले. 28 मार्च 2025 रोजी उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी शेतकऱ्यांना सांगितले, 31 तारखेच्या आत पीककर्ज भरा. जूनमध्ये बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले, ऑक्टोबरच्या अखेरीस नागपुरात ट्रॅक्टर अडवून रस्ते बंद झाले, आणि आता 30 जून 2026 च्या आत निर्णय घेऊ असा शब्द मिळाला आहे. कडू स्वतः अचलपुरात 2024 ला हरलेले. निवडून आलेले गप्प आणि हरलेला रस्त्यावर, असे हे चित्र.

मग मतदार वैतागला तर नवल काय! आमच्या ओळखीत असे कितीतरी लोक आहेत जे सांगतात, आम्ही यंदा जाणारच नाही, किंवा ‘नोटा’ दाबून येतो. नोटाचा राग दिसतो हे खरे. 2019 मध्ये लातूर ग्रामीणमध्ये नोटा 27 हजारांवर मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला. पण निवडून यायचा तो आलाच. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर 2018 च्या आदेशाने स्थानिक निवडणुकांत नोटाला जरा वजन दिले: नोटाला सर्वाधिक मते पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. विधानसभेला तेवढेही नाही.

आणि घरी बसण्याबद्दल अकोल्याच्या माणसाला तरी कुणी सांगायला नको. 2024 च्या लोकसभेला इथे विजयाचे अंतर 40,626 होते आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराची मते पावणेतीन लाखांवर. कुणी कुणाची मते खाल्ली यावर आपल्या मोहल्ल्यांत अजून चहा थंड होतो. त्याच वर्षी अकोला पश्चिममध्ये आमदारकीचा फैसला 1,283 मतांनी झाला. एका मोठ्या लग्नाला याहून जास्त माणसे जेवतात. अमरावतीत लोकसभेचे अंतर 19,731.

शिवाय प्रतिनिधीच नसला तर काय होते, हे अकोल्याने भोगले आहे. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि तेव्हापासून अकोल्यात आणि अमरावतीत प्रशासक. नोव्हेंबर 2023 मध्ये अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा वारले. जाहीर झालेली पोटनिवडणूक हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केली, कारण विधानसभेची मुदत वर्षाहून कमी उरली होती. म्हणजे वर्षभर त्या भागाला नगरसेवकही नव्हता आणि आमदारही नव्हता. नळाला पाणी नाही म्हणून कुणाकडे जायचे? खाला त्या वर्षी आपल्या ठेवीचा अर्ज घेऊन कुणाकुणाच्या दारात गेल्या, ती यादी या फाईलमध्ये आहे. पहिले नाव एका ‘माजी’चे, दुसरे ‘माजी’चे, तिसरे ‘भावी’चे.

या महिन्याच्या 15 तारखेला मतदान आहे. अकोल्यात 80 जागा, अमरावतीत 87. प्रभाग पद्धतीमुळे एकेका मतदाराला बहुतेक ठिकाणी चार मते द्यायची आहेत. उमेदवार अर्जासोबत शपथपत्र देतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या निकालापासून उमेदवारांवर हे बंधन आले. त्यात गुन्हे असतात, मालमत्ता असते, आणि देणी असतात: कोणत्या बँकेचे किती कर्ज, सरकारची किती थकबाकी. आम्ही या वेळी आमच्या प्रभागातली शपथपत्रे वाचणार आहोत. मोठ्या आवाजात, घरात, जेवताना. वाचकांनीही वाचावीत. मात्र त्यात एक रकाना नाही. बुडालेल्या कोणत्या संस्थेवर तुम्ही संचालक होतात, हे तिथे कुणी विचारत नाही. ते दारावर आल्यावर आपल्यालाच विचारावे लागेल. खालांनी चहाच्या ट्रेमध्ये ठेवून विचारले, तसे.

आणि दुसरे एक मागणे. नगरसेवक विमा देऊ शकत नाही, हे कळते. पण प्रत्येक नगरसेवकाच्या मागे पक्ष आहे, पक्षाचे आमदार-खासदार आहेत. पतसंस्थेच्या ठेवीला विमा कधी, हे त्यांना विचारा. ठेवीदार बोलले तेव्हा कायदा हलला, 1961 मध्ये आणि 2020 मध्ये. दोन्ही वेळा त्यांनी नुसता संताप केला नव्हता, नेमके काय हवे ते मागितले होते.

आपल्या समाजाबद्दलही दोन शब्द बोलायचे राहिले आहेत, ते कडू लागतील. व्याजाच्या प्रश्नामुळे आपल्यातली कितीतरी घरे बँकेपासून दूर राहतात. त्यांच्या भावनेचा आम्हाला आदर आहे. रघुराम राजन समितीने 2008 मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, पुढे रिझर्व्ह बँकेतही विचार झाला, आणि 2017 मध्ये तो विषय बंद झाला. दार बंद झाले की खिडकीतून कोण येते ते आपण पाहिले: हलाल नफा देतो म्हणणारे. बेंगळुरूची आयएमए जून 2019 मध्ये बुडाली. हीरा गोल्डच्या प्रमुख बाईंनी तर मे 2018 च्या कर्नाटक निवडणुकीत स्वतःचा पक्ष काढून उमेदवार उभे केले, आणि ऑक्टोबरमध्ये गुंतवणूकदारांच्या तक्रारींवरून त्यांना अटक झाली. दाढी, बुरखा, अरबी नाव पाहून आपण अमानत सोपवली. आम्ही ओळखीचे चेहरे पाहून खालांची सोपवली. दोन्हींत फरक फारसा नाही.

आणि सभा! सहकारी संस्थेची वार्षिक सभा सप्टेंबर संपायच्या आत घ्यावी लागते. सभासदाला अहवाल मागता येतो, लेखापरीक्षकाचा वर्ग विचारता येतो, थकीत कर्ज किती आणि त्यातले संचालकांच्या नातेवाइकांचे किती, हे उभे राहून विचारता येते. आपल्यातले किती जण जातात? नाश्त्याचे कुपन घ्यायला जातात, तेवढेच. अब्बा म्हणायचे, जामीन राहताना माणूस नाही, त्याचा सातबारा पाहा. आम्ही सातबारा नाही पाहिला आणि माणूसही नीट पाहिला नाही.

संध्याकाळी आम्ही निघायच्या तयारीत असताना दुपारच्याच त्या घोळक्यातला पोरगा परत आला. हातात 2026 च्या कॅलेंडरची गुंडाळी होती. वर साहेबांचा हात जोडलेला फोटो. “अम्मा, साहेबांनी पाठवलं.” आम्हाला वाटले, खाला परत पाठवतील. त्यांनी घेतले, पोराला पाणी विचारले, आणि तो गेल्यावर कॅलेंडर खिळ्याला टांगले.

“नावाची पट्टी कापून टाकू का?” आम्ही विचारले.

“कायले? राहू दे. तारखा तं बरोबर आहेत ना त्याच्या.”

मग चष्मा लावून त्यांनी जानेवारीच्या पानावर शिवणकामाच्या खडूने दोन गोल केले. एक 15 वर. दुसरा 19 वर. त्या सोमवारी अवसायकाच्या ऑफिसात आम्हाला फाईल घेऊन जायचे आहे. गोल करता करता विचारत होत्या, “चार बटनं दाबा लागते म्हनते यंदा. चारही येगयेगळे दाबले तं चालते?”

चालते, आम्ही सांगितले.